बसून की उभ्यानं?

परसबाग केलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस आपण शेतकरी झालो असं वाटतं. वाफे आखून झालेले असतात, मेथी फोकलेली असते, भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोकलेलं असतं आणि सगळ्याचे फोटो नातेवाइकांना गेलेले असतात. मग जूनअखेरीस दोन चांगले पाऊस होतात आणि वाफा हिरवागार होतो. माणूस हरखतो. पुन्हा फोटो जातात. त्यावर गावाकडच्या चुलत्यांचं एका ओळीचं उत्तर येतं, "ह्यात मेथी कंची?"

आता तरी हा माणूस तण काढायला लागेल असं कुणालाही वाटेल. पण तो हत्यार शोधायला लागतो. कष्टाचं काम पुढं ढकलण्याच्या ज्या काही प्रतिष्ठित रीती आहेत, त्यांत 'आधी नीट अवजार घेऊ' ही सगळ्यांत वरची. पळायला जायच्या आधी भारी बूट घेणारे लोक याच पंथातले. फरक इतकाच, की बूट घेऊन गप्प बसता येतं. इथं तेवढ्या वेळात तण गुडघ्याला लागतं.

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत बहुतेक बंगल्यांच्या मागं अर्धा-एक गुंठा मोकळा आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बिल्डरच्या जाहिरातीत एवढ्या जागेत दोन बेडरूम, हॉल, किचन आणि 'प्रशस्त' गॅलरी मावते. तोच गुंठा उकिडवं बसून भांगलायला घेतला की त्यात जावळी तालुका मावतो. एवढ्या जागेला कोणतं हत्यार लागतं, या प्रश्नावर कॉलनीत जितके मागचे दरवाजे तितकी मतं आहेत.

पहिला पंथ बिनहत्यारी. "हात दिलेत की देवानं, उपटायचं." ऐकायला फार सात्त्विक वाटतं. पण हातानं तण मुळासकट येतं ते फक्त वाफशावर. पाऊस नुकताच झाला असेल तर आपली काळी माती तणाऐवजी चपलाच धरून ठेवते. चार दिवस उघडीप मिळाली की तीच माती इतकी आवळते, की एकदांडीची फुलं हातात येतात आणि बुडखा जमिनीतून आपल्याकडं बघत राहतो. या दोन्हींच्या मधे वाफसा असतो आणि तो नेमका मंगळवारी सकाळी अकरा वाजता येतो. रविवारी एक तर चिखल असतो नाही तर भेगा.

शिवाय सगळीच तणं हात लावू देणारी नसतात. गाजरगवत घ्या. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, आणि पुण्यात नोंद झाल्यावर ते देशभर पसरायचं थांबणार कसं! अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. कसंही आलेलं असो, ते उघड्या हातानं उपटलं की अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं, खाज थांबत नाही. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. तेव्हा फुलावर यायच्या आधी आणि हातमोजे घालूनच उपटायचं. हातमोजे घातले की बिनहत्यारी पंथाचं तत्त्व मोडतं. मग ते लोक गाजरगवत शेजाऱ्यासाठी राखून ठेवतात.

दुसरा पंथ तीन नगांच्या संचाचा. हिरव्या मुठी, चकचकीत रंग, जाड पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकखाली बसवलेलं छोटं फावडं, छोटा पंजा, आणि तिसरं एक जे कशासाठी आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. असा संच सहसा कुणी स्वतःसाठी घेत नाही. तो निवृत्तीच्या समारंभात मिळतो. कुंडीतल्या शेणखताला आणि कोकोपीटला तो चालतो. मुरमाड वाफ्यात पंजा रोवून ओढला, की त्याची बोटं सरळ होतात आणि पंजाचा चमचा होतो. मग तो संच बैठकीच्या खोलीतल्या मनी प्लँटशेजारी दिसायला लागतो. शोभेचा म्हणून मला त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तिसरा पंथ परदेशी. इंटरनेटनं गेल्या काही वर्षांत जगातल्या सगळ्या लोहारांची दुकानं आपल्या मोबाइलमधे आणून ठेवली आहेत. कोरियाची होमी मिळते. दोनेक विती मापाची, पक्ष्याच्या चोचीसारखी टोकाला निमुळती आणि वळलेली. येंगजू नावाच्या गावातल्या एका म्हाताऱ्या लोहाराची होमी अमेरिकेत इतकी खपली, की वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. जपानची एक आहे, पातं काटकोनात वळवलेलं. रिकिबीसारख्या चौकटीचं एक आहे, ते उभ्यानं पुढं-मागं सरकवायचं आणि ते दोन्ही बाजूंनी कापतं. ही सगळी हत्यारं चांगलीच आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी होमी मागवली. खोक्यातून काढून तिच्यावर त्यांनी माझ्यासमोर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तेवढ्यात त्यांच्याकडं भांगलायला येणाऱ्या मावशी मागच्या दारानं आल्या. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, दोन झाडांमधे घालून सर्रकन ओढली आणि म्हणाल्या, "वाकडं झालेलं खुरपं हाय, सायेब. कितीला दिलं?"

साहेबांनी आकडा सांगितला नाही. मावशींनी तो विचारलाही नाही पुन्हा. पण त्या दिवसभर होमीनंच भांगलत होत्या, आणि संध्याकाळी जाताना ती धुऊन, पुसून, साहेबांच्या नव्हे तर स्वतःच्या पिशवीशेजारी ठेवलेली मी पाहिली. हत्याराची याहून मोठी समीक्षा मी तरी वाचलेली नाही.

चौथा पंथ स्वयंपाकघराचा. यात उलथनं, जुना विळा, मोठा स्क्रू-ड्रायव्हर, खोबरं काढायची सुरी वगैरे येतात. या पंथाचे लोक घरात फारसे लोकप्रिय नसतात. लव्हाळ्याचा गड्डा काढायला स्क्रू-ड्रायव्हर उत्तम चालतो हे खरं आहे. पण मिक्सर बिघडतो त्या दिवशी तो वाफ्यात कुठं रोवलेला आहे हे कुणालाच आठवत नाही.

तणनाशक हाही एक पंथ आहे, पण एका गुंठ्यात, स्वतःच्या कोथिंबिरीच्या दोन विती अंतरावर, तो मी मोजतच नाही. मेथी कुठली आणि तण कुठलं हे जिथं घरमालकाला सांगता येत नाही, तिथं फवाऱ्याला काय सांगणार?

आणि शेवटचा पंथ न काढण्याचा. आपल्याकडं जुनी म्हण आहे, तण खाई धन. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी ती उलटी करून 'तण देई धन' असा विचार मांडला. तण वाढू द्यायचं, मग मारून जागेवरच कुजवायचं, म्हणजे जमिनीला सेंद्रिय खत मिळतं, असं त्यांचं स्वतःच्या शेतातल्या अनुभवावरचं म्हणणं. आमच्या गल्लीतल्या तिघांना त्यातलं 'वाढू द्यायचं' इथपर्यंत पटलेलं आहे.

एवढे पंथ पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की लोक हत्यारांची तुलना करतात ती चुकीच्या टोकाकडून. पातं कसं आहे, धार कशी आहे हे नंतर. आधी एवढंच ठरवायचं असतं, की तुम्ही बसून काम करणार की उभ्यानं. जगातली तणाची सगळी हत्यारं शेवटी या दोन घरांत वाटली जातात, आणि निवड तणाकडं बघून होत नाही, गुडघ्याकडं बघून होते.

साताऱ्या-सांगलीकडं भांगलण म्हणा, नगरकडं खुरपणी म्हणा, खानदेश-विदर्भात निंदणी म्हणा, कोकणात बेणणी म्हणा. नाव बदललं तरी बैठक तीच. आणि आपल्या शेतीत या बैठकीची वाटणी फार जुनी आणि फार सोयीची आहे. कोळपं, डवरा, कुळव ही उभ्यानं, बैलांमागून चालवायची हत्यारं पुरुषांकडं. खुरपं बाईकडं. कोळपणारा गडी ओळीच्या टोकाला गेला की बैल वळवण्याच्या निमित्तानं दोन मिनिटं थांबतो, तंबाखू मळतो. खुरपणारी बाई ओळीच्या टोकाला गेली की शेजारची ओळ धरते. दिवसाच्या शेवटी रोज कुणाचा कमी, हे सांगायला नकोच. मात्र हेच खुरपं निवृत्त पुरुषानं हातात घेतलं की त्याचं गार्डनिंग होतं. त्याला गुडघ्याखाली घ्यायची फोमची गादी लागते, टोपी लागते, आणि अर्ध्या तासानं चहा लागतो. चहा कोण करतं हेही सांगायला नकोच.

कॅलिफोर्नियात तर वाकून की उभ्यानं, यावरून कोर्टकचेरी झाली. तिथल्या लेट्युसच्या आणि बीटाच्या मळ्यांत मजुरांना फूट-दीड फूट दांड्याची कुदळी द्यायचे. मेक्सिकन मजूर तिला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूडली. मजुरांचे नेते सीझर चावेझ यांनीही ती चालवलेली होती. दिवसभर कमरेत वाकून चालायचं. पाठी कायमच्या जायच्या. लांब दांडा का देत नाही, तर मालक म्हणायचे, आखूड दांड्यानं काम नेटकं होतं, पीक तुटत नाही. मजूर वेगळंच सांगायचे. वाकलेल्या शंभर पाठींत एखादा उभा दिसला, की मुकादमाला लांबूनच कळायचं कोण विसावा घेतंय. शेवटी १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला आणि ते हत्यार बंद झालं. पुढं लांब दांड्याच्या कुदळीनंही लेट्युस व्यवस्थित पिकलं.

आपल्या बायका कमरेत वाकत नाहीत, उकिडव्या बसतात, म्हणून पाठीऐवजी गुडघे जातात. तेव्हा ज्यांना जमिनीवर बसून पंगतीत जेवून विनाआधार उठता येतं, त्यांनी खुरपं घ्यावं. ज्यांना उठताना शेजारच्याचा खांदा लागतो, त्यांनी लांब दांडा घ्यावा. ही चाचणी कुठल्याही डॉक्टरशिवाय पुढच्या लग्नात करता येते.

आता लांब दांड्याची गंमत. शेती प्रदर्शनात सायकल कोळपं पाहिलं की कुणाचाही जीव जातो त्याच्यावर. पुढं सायकलचं चाक, मागं पास, वर हँडल. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं दोन चाकांचं हातकोळपंही काढलं आहे. ढकलत जायचं, ओळीतलं तण कापलं जातं, पाठ ताठ. अर्ध्या एकरावर ते सोनं आहे. पण आमच्या वाफ्याची लांबी दहा फूट. कोळपं जोर धरेपर्यंत समोर कुंपण येतं. वळवायला जागा लागते, ती शेजाऱ्याच्या हद्दीत असते. शिवाय कोळप्याला ओळ लागते. पात्याच्या रुंदीपेक्षा दोन ओळींतलं अंतर मोठं पाहिजे, नाही तर तणाबरोबर भेंडीही साफ होते. वांग्याला दोन-अडीच फूट, भेंडीला दीड फूट, अशी ओळ धरून लावणी असेल तरच उभ्याचं हत्यार चालतं. आणि मेथी तर आपण मूठ भरून, डोळे मिटून, अक्षता टाकाव्यात तशी फोकलेली असते. तिथं कोळपं, कुदळी, होमी सगळं थकतं. दोन बोटं आणि खुरप्याचं टोक एवढंच शिरतं.

म्हणजे हत्यार निवडायचं ते पेरताना. दोरी धरून ओळीत पेरलंत तर उभं राहायची मुभा मिळते, फोकून पेरलंत तर बसावंच लागतं. ही गोष्ट हार्डवेअरच्या दुकानात कुणी सांगत नाही, कारण तोपर्यंत पेरून झालेलं असतं.

खुरपं घ्यायचं तर दुकानात घेऊ नका, आठवडे बाजारात लोहाराकडं जा. पत्र्याचं खुरपं आणि पाट्याचं खुरपं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद ठोकून केलेलं खुरपं दगडावर हलकं आपटलं तर खणखणतं. पत्र्याचं नुसतं थप्प करतं. पातं मुठीच्या रेषेत नसावं, थोडं खाली उतरलेलं असावं, म्हणजे बोटांची हाडं मातीला घासत नाहीत. मूठ बाभळीची, तिच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट. मूठ तुमच्या हाताच्या मापाची हवी, आणि हे माप बाजारातच, लोकांची पर्वा न करता, उकिडवं बसून घ्यायचं. मी बसलो होतो तेव्हा लोहारानं विचारलं,

"किती रान हाय?"

"एक गुंठा."

त्यानं भात्यावरच्या पोराकडं पाहिलं, पोरानं त्याच्याकडं पाहिलं. "न्या मग," तो म्हणाला, "नातवंडांना पुरंल."

त्याचा शब्द खोटा नाही, फक्त दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे कानस ठेवायची आणि अधूनमधून धार लावायची. बोथट खुरपं तण कापत नाही, नुसतं दडपतं, आणि दडपलेलं तण दोन दिवसांनी ताजंतवानं होऊन उठतं. दुसरं म्हणजे मूठ ढिली झाली की खुरपं बादलीत भिजत घालायचं. लाकूड फुगतं आणि बसतं. फार वेळ विसरलात तर मात्र गंज बसतो. आणि धार असेल तर खोल जायचं कारणच नाही. दोन-चार पानांवरचं तण जमिनीखाली अर्ध्या इंचावर तासलं की संपतं. खोल खणणारे उत्साही लोक खालच्या थरातलं झोपलेलं बी उजेडात आणतात आणि पुढच्या पंधरवड्याची पेरणी स्वतःच करून ठेवतात.

या सगळ्याला दोन अपवाद आहेत, आणि परसबागेत नेमके तेच दोन जास्त असतात. लव्हाळा आणि हरळी. १९७७ साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक मोठा ग्रंथ निघाला, त्यात लव्हाळ्याला पहिलं स्थान मिळालं आणि हरळीला दुसरं. उसाला नाही, हापूसला नाही, पण या यादीत आपल्या वाफ्यानं पहिले दोन क्रमांक पटकावले. लव्हाळ्याचं पातं कापलं की खाली जमिनीत मण्यांच्या माळेत ओवलेले गड्डे एकेक करून जागे होतात; एक कापला तर तीन येतात. पुरात लव्हाळी वाचते हे तुकोबांनी सांगून ठेवलं आहे. त्यांच्या नजरेसमोर खुरपं नसेल, पण निष्कर्ष तोच. हरळीच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं, त्यामुळं बारीक तुकडे करणारा माणूस तिची लागवडच करत असतो. आणि तिचा राग तरी किती करणार? यादीतला पहिला क्रमांक दिवाळीला उटण्यात घालून आपण अंगाला लावतो, दुसरा गणपतीच्या मस्तकावर वाहतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरळी काढायला निघालेल्या नवऱ्याला आमच्याकडं घरातूनच मनाई होते. "दूर्वा आहेत त्या. परवा काढा." आणि मग गौरी येतात.

या दोघांसाठी धारेचं हत्यार उपयोगाचं नाही. तिथं टोकाचं पाहिजे: छोटी कुदळी, नाही तर अणकुचीदार खुरपं. मातीत खाली जायचं, गड्डा आणि मुळ्या अखंड उचलायच्या आणि फरशीवर उन्हात वाळत टाकायच्या. खताच्या खड्ड्यात टाकल्या तर ते खत पसरताना तुम्ही पुन्हा लव्हाळाच पेरता. जबलपूरला केंद्र सरकारनं तणांवर संशोधन करणारी एक अख्खी संस्था चालवली आहे. लव्हाळा अजून आहे, यावरून काय ते समजा.

एका बाबतीत मात्र हत्याराआधी आमच्या आईंना विचारावं लागतं. घोळ, केना, तांदुळजा, कुर्डू यांना तण म्हणायची त्यांच्यासमोर सोय नाही. मी खुरप्यानं उडवलेली घोळ त्या वाफ्याच्या कडेनं वेचत येतात, आणि दुपारी पानात घोळीची भाजी असते, लसणाची फोडणी दिलेली. आपण पेरलेला पालक त्या वेळी दोन पानांवर असतो.

तेव्हा हिशेब असा. फोकून पेरलेल्या भाज्यांना आणि शाबूत गुडघ्यांना पाट्याचं खुरपं. ओळीत लावलेल्या भाज्यांना आणि कुरकुरत्या गुडघ्यांना लांब दांड्याची, हलकी, अरुंद पात्याची कुदळी. लव्हाळ्याला टोकाचं काहीतरी. सोबत एक कानस. एका गुंठ्याला याहून जास्त हत्यारं लागत नाहीत, आणि याहून जास्त ज्यांच्याकडं आहेत त्यांच्या वाफ्यात मी तण कमी पाहिलेलं नाही. घ्यायचं तर मे महिन्यात घ्या. मृग लागला की सगळा तालुका विळे-खुरपी पाजवायला लोहाराकडं येतो, आणि गुंठेवाल्याचा नंबर शेवटी लागतो.